नानांचा मोतिया

पहिल्याच दिवशी नानांनी मला खुर्चीतून उठवलं, आणि तेही माझ्या साडीमुळे.

साडी लग्नातली होती, चांगली डाळिंबी. नव्या नोकरीचा पहिला दिवस म्हणून मुद्दाम नेसले होते. मॉनिटरसमोरच्या खुर्चीत बसते न बसते तोच मागून आवाज आला, "बाई, उठा. तुमच्यामुळे सगळ्या बायका लाजल्यासारख्या दिसताहेत." मी चपापून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर कुणाच्या तरी लग्नातल्या बायका होत्या आणि माझ्या पदराची लाल झाक काचेवर पडून त्या खरोखरच लाजल्या होत्या. नानांनी खुंटीवरचा राखाडी डगला काढून माझ्या हातात दिला. "हा घाला. इथे रंग फक्त पडद्यावर पाहिजे. बाकी सगळ्यांनी राख फासून बसायचं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी सुरतेला आले होते. नवरा बँकेत होता, आणि नाशिकला केलेला व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स घरी बसून गंजत होता. रिंग रोडवर कापड बाजाराला लागून एक स्टुडिओ होता, तिथे मला काम मिळालं. लग्नाच्या कॅसेटी तर असतच, पण खरा धंदा साड्यांच्या कॅसेटींचा. व्यापारी नव्या साड्या मॉडेलच्या अंगावर घालून शूटिंग करून घेत आणि ती कॅसेट पाटण्यापासून मदुराईपर्यंतच्या दुकानदारांना पाठवत. दुकानदार टीव्हीवर बघून माल मागवत. कॅसेटमध्ये राणी रंग जांभळट दिसला की आलेलं पार्सल तसंच परत येई. म्हणून स्टुडिओच्या मालकांनी, आमच्या शेठनी, नानांना आणलं होतं.

नाना मूळचे अमळनेरकडचे. तीस-पस्तीस वर्षं सुरतेतल्याच पांडेसऱ्याच्या एका रंगाई मिलमध्ये शेड मास्तर होते. म्हणजे व्यापाऱ्याने चिंधी दिली की त्याच रंगाचं हजार मीटर कापड काढून द्यायचं. पुढे मिलने रंग जुळवणारं कॉम्प्युटरचं यंत्र घेतलं आणि नाना घरी बसले. त्याबद्दल कधी कडवटपणे बोलले नाहीत. "यंत्र माझ्यापेक्षा बरं. त्याला चहा लागत नाही, तंबाखू लागत नाही," एवढंच म्हणत. शेठनी मॉनिटर दाखवला तेव्हा त्याच्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले होते, "हे कापडच आहे. फक्त धुता येत नाही."

मिलमधल्या सगळ्या सवयी त्यांनी स्टुडिओत आणल्या. शेठची लाडकी गुलाबी भिंत राखाडी करून घेतली, तेव्हा शेठ दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला राखाडी डगला सक्तीचा. बोटांत चार-चार अंगठ्या घातलेले व्यापारी तो डगला चढवून रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे गप उभे राहत, ते पाहायला मला फार आवडे. एक जण कुरकुरला, "मास्तर, आ शुं नाटक छे?" नाना त्याच्या भडक पिवळ्या शर्टाकडे बघत म्हणाले, "शेठ, तमारी साडीने तमारा शर्टथी बचावुं छुं." व्यापारी मुकाट्याने डगला घालून बसला.

सकाळी आल्याआल्या काम सुरू करू देत नसत. मॉनिटर चालू करायचा आणि अर्धा तास नुसतं बसायचं. "तवा तापल्याशिवाय भाकरी टाकतात का, माय?" खानदेशात लेकीबाळींना प्रेमाने माय म्हणतात, तशी मी आठवड्याभरात 'बाई'ची 'माय' झाले होते. ओलं कापड कधीच खरा रंग दाखवत नाही, वाळल्यावरच दाखवतं, तसंच गार मॉनिटरचं, असं त्यांचं म्हणणं. मग पडद्यावर उभ्या रंगपट्ट्या लावायच्या. नाटकाच्या दिव्यांना लावतात तसला निळ्या जिलेटिनचा तुकडा डोळ्यासमोर धरायचा. त्यातून पाहिलं की काही पट्ट्या काळ्या पडतात आणि चार उरतात. त्या चारही सारख्या उजळ दिसेपर्यंत रंगाची बटणं फिरवायची. मला वाटे यात डोळ्यांची केवढी कमाल! नाना म्हणत, "कमाल कसली? डोळा लबाड आहे. त्याला कामाला लावायचं, पण हिशोब त्याच्या हातात द्यायचा नाही."

शेवटी पांढऱ्याची पाळी. पत्र्याच्या एका चपट्या डब्यात धुतलेल्या मलमलीचा हातभर तुकडा असे. दहा वाजता उत्तरेकडच्या खिडकीचं एक दार उघडायचं, मलमल त्या उजेडात मॉनिटरशेजारी धरायची, पडद्यावर नुसतं पांढरं लावायचं आणि दोन्ही पांढरे एक होईपर्यंत मॉनिटरच्या पाठीमागचे स्क्रू फिरवायचे. "पांढरं सुटलं की सगळं सुटलं," हे त्यांचं वाक्य मी दिवसातून चारदा तरी ऐकत असे. आणि दुसरं वाक्य, "पांढरं कोणतं ते कापड सांगेल. आपण नाही."

पाहता पाहता बाजारात नानांचं नाव झालं. व्यापारी मोरपंखी साडी आणून पडद्याशेजारी धरत आणि पडद्यावरची कुठली, हातातली कुठली असं आपल्या मुनिमाला चेष्टेने विचारत. "मास्तरनी आंख," असं म्हणून लोक कानाला हात लावत. त्या खोलीत आपण बसतो याचा मला केवढा अभिमान वाटे! माहेरी पत्र लिहिताना नवऱ्यापेक्षा नानांवर जास्त ओळी खर्च होत.

आणि मग ती पांढऱ्या साड्यांची कॅसेट आली.

बंगालात पूजेच्या दिवसांत लाल काठाच्या पांढऱ्या साड्या नेसतात. आमच्या एका जुन्या व्यापाऱ्याला कलकत्त्याच्या दुकानदारासाठी त्या साड्यांची कॅसेट हवी होती, आणि ताबडतोब हवी होती. नेमका त्याच आठवड्यात शेठनी नवा मॉनिटर आणला आणि खोलीत एसी बसवायला काढला. खिडकी प्लायवूड ठोकून बंद केलेली. मलमल धरणार कुठे? मी विचारलं, "नाना, मॉनिटर गच्चीवर नेऊन बघायचा का?" नाना म्हणाले, "एवढं वजन कोण वर नेईल, माय? तीस वर्षं पांढरं बघतोय. आज कापडाला सुट्टी." आणि त्यांनी ट्यूबलाइटखाली, नुसत्या नजरेने, स्क्रू फिरवून पांढरं लावलं.

मला ते पांढरं निळसर दिसलं. धुण्यात नीळ जास्त झाली की सदरा दिसतो तसं. मी दोनदा डोळे चोळले. पण नानांना सांगणार कोण? आपलीच नजर कच्ची, असं स्वतःला समजावलं आणि कामाला लागले. पडद्यावर साड्या निळसर दिसत होत्या म्हणून मी त्यांतला निळा कमी करत गेले, थोडी ऊब घालत गेले. त्या मॉनिटरवर साड्या शेवटी दुधासारख्या दिसल्या. नाना म्हणाले, "वा!" कॅसेट गेली.

पंधरा दिवसांनी व्यापारी तीच कॅसेट हातात घेऊन आला. डगला न घालताच थेट आत. कलकत्त्यावाल्याने कळवलं होतं की आम्ही पांढऱ्या साड्या मागितल्या आणि तुम्ही मोतिया दाखवता. पूजेला पिवळट साडी कोण नेसेल? त्याने दुसऱ्याकडून माल घेतला होता. शेठनी कॅसेट बाहेरच्या टीव्हीवर लावली. पाहिलं तर खरोखरच मोतिया. दुधात चिमूटभर हळद पडावी तशा त्या साड्या.

"आ बेने रंग बगाडी नाख्यो!" व्यापारी माझ्याकडे बोट करून ओरडला. एडिटिंगच्या खुर्चीत मीच बसले होते, नानांच्या डोळ्यावर कुणी शंका घेणं शक्यच नव्हतं. जुनं गिऱ्हाईक जाताना दिसलं तसे शेठही हात झटकून मोकळे झाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुनंदाबेन, कालथी न आवता." म्हणजे उद्यापासून येऊ नका. निळं दिसलं होतं हे सांगावं तर नानांवर ढकलल्यासारखं होईल, आणि ऐकणार तरी कोण! मी डगल्याची बटणं काढायला लागले.

तेवढ्यात आतून ठाकठोक ऐकू आली. नाना स्टुलावर चढून खिडकीचं प्लायवूड उचकटत होते. आम्ही सगळे आत गेलो. प्लायवूड खाली पडलं, उजेड आत आला. नानांनी डबा उघडून मलमल काढली, मॉनिटरशेजारी धरली आणि मला पडद्यावर नुसतं पांढरं लावायला सांगितलं. बराच वेळ पाहत राहिले. मग एका हाताने उजवा डोळा झाकून पाहिलं. मग डावा झाकून पाहिलं. पुन्हा उजवा. मलमल धरलेला त्यांचा हात हळूहळू खाली आला.

रागावले किंवा मनातून हलले की नाना अहिराणीवर येत. हलक्या आवाजात म्हणाले, "माय, तुले काय दिसस? खरं सांग. भिऊ नको."

मी म्हटलं, "कापड पांढरं दिसतं, नाना. मॉनिटर निळा."

"कधीपासून?"

"या मॉनिटरवर तुम्ही पांढरं लावलंत त्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली. मला रागावले नाहीत. व्यापाऱ्याकडे आणि शेठकडे वळले आणि त्यांना नीट कळावं म्हणून त्यांच्या गुजरातीत, खानदेशी हेल काढत, सगळ्या स्टुडिओला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "शेठ, मोतियो साडीमां नथी. मारी आंखमां छे."

मोतिया हा साडीचा रंग आणि मोतियो म्हणजे डोळ्यातला मोतीबिंदू, हे समजायला आम्हाला क्षणभर वेळ लागला. व्यापारी हसायला गेला आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. नाना सांगत होते, "डाव्या डोळ्याने कापड पिवळं दिसतं, उजव्याने पांढरं. वाढलेला पिवळा झाकायला मी मॉनिटरमध्ये निळा ओतला. या पोरीने मॉनिटरप्रमाणे काम केलं, ते बरोबरच केलं. चूक कापडाला न विचारणाऱ्याची."

त्या बाजारात नानांजवळ दुसरं काय होतं? ना शिक्षण, ना दुकान. नाव होतं ते त्या डोळ्याचं, आणि ते त्यांनी चार माणसांसमोर आपल्या हाताने खाली ठेवलं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. मी घरी गेले असते आणि नाना गुपचूप ऑपरेशन करून आले असते. आजही तो क्षण आठवला की माझी छाती भरून येते. मोठी माणसं मी पुढे खूप पाहिली, पण चूक कबूल करताना इतका ताठ उभा राहिलेला माणूस पाहिला नाही.

वर शेठना बजावलं, "आजथी सफेद आ बेन नक्की करशे." आणि स्क्रू फिरवायचा पेचकस माझ्या हातात दिला. त्या दिवशी पांढरं मी लावलं, सगळ्यांदेखत. पेचकस दोनदा हातातून पडला. त्यावरून नवी कॅसेट केली आणि व्यापाऱ्याने ती दुसऱ्या दुकानदारांना पाठवली. पुढच्या हंगामात तो परत आला, तेव्हा सांगण्याआधीच डगला चढवून बसला.

मी न बोलल्याबद्दल नाना एकदाच बोलले, चहा पिताना. "मी चुकलो तो डोळ्याने. तू चुकली ती जिभेने. डोळ्याचं ऑपरेशन होतं, माय."

ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर मी भेटायला गेले तर माझ्या निळ्या साडीकडे लहान मुलासारखे बघत राहिले. "ही नेहमीचीच का गं? इतकी निळी होती?" आता नाना पुन्हा खुर्चीत बसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. "आता हा डोळा डॉक्टरचा. तुझा तुझाच आहे." थोडे दिवस नुसते मागे स्टुलावर बसायला येत. मग मुलीकडे चलथाणला राहायला गेले. जावई तिथल्या साखर कारखान्यात होता. जाताना तो पत्र्याचा डबा मला दिला आणि ताकीद दिली, "दर दिवाळीला नवं कापड काढायचं. कापडही म्हातारं होतं."

दोन-तीन वर्षांनी मुलीचं पत्र आलं, नाना गेले. ते वाचून मी डगला घालून खोलीत जाऊन बसले. मॉनिटर तापायला लागतो तेवढा अर्धा तास रडले.

आता माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. पडद्यावर चिकटवायचं एक छोटं यंत्र आहे, ते दहा मिनिटांत रंग मोजून देतं. त्याला चहा लागत नाही. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी राखाडी डगला देते आणि एकच गोष्ट सांगते, मी लावलेलं पांढरं निळं दिसलं तर त्याच क्षणी तोंड उघडायचं. परवा एकीने उघडलं. यंत्र काढून पुन्हा लावलं. तिचंच बरोबर निघालं. मी ते सगळ्यांसमोर सांगितलं.

डबा टेबलावरच असतो. त्यात दर दिवाळीला नवी मलमल ठेवते. तिच्याखाली नानांच्या मलमलीची जुनी घडी आहे, इतक्या वर्षांत ती छान मोतिया झाली आहे. ती मी टाकत नाही. पण तिच्यावर पांढरं कधी जुळवतही नाही, नाना रागावतील.