पाट घ्यायचा ना

मी फारशी बोलणारी मुलगी नाही. वर्गात सरांनी प्रश्न विचारला आणि उत्तर येत असलं, तरी ते आधी मनातल्या मनात म्हणून पाहते. तोवर दुसरं कोणी बोलून मोकळं होतं. त्यामुळे त्या उन्हाळ्यात मी घरमालकांशी जे बोलले, त्यावर माझ्या घरच्यांचा अजून नीट विश्वास बसत नाही. कधीकधी माझाही.

घर अकोल्याला, जुन्या शहरात. वडील बांधकामावर सेंट्रिंगचं काम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. अमरावतीत वडिलांनी बऱ्याच खोल्या पाहिल्या आणि वरच्या मजल्यावरची ही खोली पसंत केली, कारण खाली मालक आणि मालकीणबाई, म्हणजे काका-काकू, स्वतः राहत होते. सामान ठेवतानाच बाबांनी सांगून टाकलं होतं, "ही खोली सुटली तं घरी यायचं." बाबा असं बोलले की तसंच करतात.

परीक्षा तोंडावर होती. भर दुपारी खालून काकूंची हाक आली.

"अवं पोरी, माई कंबर धरली. आमच्या कूलरमध्ये जरा पानी टाकून दे नं."

कूलर व्हरांड्यात, खिडकीला लावलेला. जुना, पत्र्याचा, लोखंडी स्टँडवर. त्या घरात चपला पायरीवरच काढायच्या, व्हरांड्यातसुद्धा नाही. मी काढल्या. फरशी ओलीच होती. बादली उचलून एका हातानं ओतू लागले आणि तोल सावरायला दुसरा हात पत्र्यावर टेकवला.

पुढचं नीट सांगता येत नाही. हात मला सोडवेना. सोडायचा आहे हे कळत होतं, पण हात माझा राहिलाच नव्हता. बादली पडली, पाणी पायाखालून पसरलं, दात एकमेकांवर घट्ट बसले. ओरडायला तोंड उघडेना. समोर जाळीतून पंखा फिरताना दिसत होता आणि एकच विचार आला, की मरायचं ते असं, कूलरमध्ये पाणी टाकताना?

मग मनगटावर जोरात काहीतरी बसलं. काकूंनी कपडे वाळत घालायची काठी मारली होती. मी मागे पडले, तुळशीच्या कुंडीजवळ.

काकू काठी टाकून माझ्याजवळ बसल्या. "पाट नायी घेतला काहून वं?"

"कोणता पाट?"

त्यांनी तोंडाला पदर लावला. हळूहळू कळलं. कूलरला करंट येतो हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकू रोज लाकडी पाटावर उभं राहून पाणी टाकत. चप्पल चालत नाही, म्हणून पाट. त्या दिवशी पाट देवापुढे होता, आणि मला सांगायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. इतकी ती रोजची गोष्ट होती.

संध्याकाळी काका आले. त्यांनी मला खाली बोलावलं, माझा हात पाहिला आणि म्हणाले, "पाट घ्यायचा ना! कॉलेजात काय शिकवून राहिले तुमाले? थोडाबहुत करंट मारते तो. इतक्या वर्षात कोनाले काई झालं?"

"वायरमन बोलवा ना, काका," एवढं कसंबसं बोलले. तर ते भडकले. कालची पोरगी मला शिकवते, म्हणाले आणि माझ्यासमोरच बाबांना फोन लावला. ओल्या हातानं कूलरला हात लावते आणि वरून तोंड चालवते, असं सांगितलं.

रात्री बाबांचा फोन आला.

"माफी मागून घे, माय. परीक्षा होऊ दे."

"पण चूक माझी नाही, बाबा."

"अवं, थोडाबहुत लागतेच करंट. आमच्या साइटवरच्या मशीनले बी येते. आमी पायाखाली फळी घेतो."

स्लॅबवर ओल्या सिमेंटमध्ये फळीवर उभे असलेले बाबा मला दिसले. त्यांना कधी कोणी काठी मारून सोडवलं असेल का, हे विचारायची हिंमत झाली नाही. आतापर्यंत मी फक्त घाबरले होते. आता राग आला, आणि तो काकांपुरता राहिला नाही.

सकाळी खाली गेले. कूलर चालू होता. बटण बंद केलं आणि प्लग ओढून काढला.

"हे काय लावलं?" काका उठलेच.

"वायरमन येईपर्यंत हा लागणार नाही."

"तुया बापाचा कूलर हाय का?"

"नाही. पण चिकटले मी होते."

"खोली खाली कर मग. आजच."

शब्द कधी नव्हे ते सरळ आले. "करीन ना खाली. गल्लीत कोणी विचारलं काहून सोडली, तर खरं तेच सांगीन."

काकांनी काकूंकडे पाहिलं. "लाव वं तो प्लग. पानी टाक."

काकू आत गेल्या. पाट घेऊन आल्या, कूलरसमोर ठेवला आणि भरलेली बादली त्याच्या बाजूला.

"तुमी टाका," त्या म्हणाल्या. "मी काल पोरीचं तोंड पायलं."

काकांनी प्लग लावला. पंखा सुरू झाला. ते पाटावर चढले, बादली उचलली. आम्ही दोघी पाहत होतो. त्यांचा मोकळा हात पत्र्याच्या जवळ गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी बादली खाली ठेवली, पाटावरून उतरले आणि कोणाकडेही न पाहता बाहेर गेले.

दुपारी वायरमन आला. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. माफीचाही नाही, त्यांच्याकडून किंवा माझ्याकडून.

रात्री बाबांनी विचारलं, "मागितली माफी?"

"नाही. कूलर दुरुस्त झाला."

"लय बोलायले लागली तू."

"हो. बाबा, त्या मशीनचं उद्या ठेकेदाराले सांगा."

"तो आयकते काय आमचं?"

"मग मशीन बंद करा, आणि त्याले म्हणा, तूच फळीवर उभा राय."

बाबा हसले नाहीत. "पाहतो," म्हणाले. मी दुसऱ्या रात्री पुन्हा फोन केला. तिसऱ्या रात्रीही. अजूनही रोज तेच विचारते.