आतली कडी

वर्गात मी म्हातारपणावर बोलत असते तेव्हा माझ्या पर्समध्ये घराची किल्ली असते आणि घरात कुलपाआड वडील. त्यांना विसरायला होतं. एकदा चालत थेट कारखान्याच्या रस्त्याला लागले, तेव्हापासून मी बाहेरून कुलूप लावते. हे वर्गात सांगत नाही.

वसमतच्या आमच्या कॉलेजात यंदा वृद्धसेवेचा कोर्स सुरू करायचं ठरलं आणि मुलं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. यात शिक्षण आहे, नोकऱ्या आहेत, असं मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “म्हाताऱ्या माणसायचं काय शिकायचं असतंय, मॅडम? आमी पोलीस भरतीचं बघून राहिलो.” वर्ग हसला. मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्याचं उत्तर मलाही येत नव्हतं.

शेवटी दहा-बारा जणांना ओढून जवळच्या हट्टा गावी नेलं, घरोघरी म्हाताऱ्यांशी बोलायला. हळद शिजवायचे दिवस होते, सगळं गाव शेतात. भर दुपारी गल्ली सामसूम आणि दारांना बाहेरून कड्या. एका दारामागून टकटक येत होती. सावकाश, न थांबता. मुलं त्या दाराशी जाऊन थांबली.

“आमचंच घर हाय,” एक मुलगी म्हणाली. ती वसमतला होस्टेलवर राहायची, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. “आत आबा हायेत. हळदीच्या दिवसात समदेच कडी लावतेत, मॅडम. न्हाई तर कुठं बी निघून जातेत.”

मी कडीला हात घातला तर तिनं अडवलं. “एकदम उघडलं की भेतेत. आधी कायतरी मागायचं.” आणि दाराला तोंड लावून म्हणाली, “आबा, लई तहान लागली. पाणी देता का?”

टकटक थांबली. आत तांब्या वाजला. मग तिनं कडी काढली.

परतताना एसटीत मला राहून राहून धास्ती वाटत होती. कोर्सचे फॉर्म माझ्या घरी राहिले होते, ते घ्यायला ती मुलगी माझ्याबरोबर आली. मी कुलूप काढलं, दार ढकललं. उघडेना. वडिलांनी आतून कडी घातली होती. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

“बाबा, मी आहे!”

“लेक कॉलेजात गेलीय,” आतून आवाज आला. “ती आल्याबिगर दार उघडायचं न्हाई.”

मी दार बडवू लागले. जितकं बडवलं तितका त्यांचा आवाज आत आत गेला, मग बंदच झाला. स्वयंपाकघरात गॅस होता.

मुलीनं मला बाजूला केलं आणि ती उंबऱ्याशी बसली. “आबा, हट्ट्याची हाय मी. उन्हाची आले. पाणी मिळंल का?”

आत तांब्या वाजला. मग पावलं, मग कडी. वडील तांब्या घेऊन उभे होते. ती पाणी प्यायली. माझ्याकडं बघत त्यांनी तिला हळूच विचारलं, “ह्या बाई कोण? मघापासून दार बडवून राहिल्यात.”

“तुमची लेक हाय, आबा.”

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नाही.

त्या दिवशी दोन फॉर्म भरले. एक तिचा. दुसऱ्यावर मी माझं नाव लिहिलं, आणि तेवढा वेळ वडील दारात उभे राहून लेकीची वाट बघत होते.