तळ्याकाठचे तंबू

रविवारी आता आमच्या तळ्यावर गाड्या लावायला जागा पुरत नाही. बीडहून, लातूरहून माणसं येतात, तंबूत राहतात, हुरडा खातात, होडीत बसून फोटो काढतात. धारूरच्या डोंगरातलं हे गाव आधी शेजारच्या तालुक्यालाही धड माहीत नव्हतं. सगळं सुरू झालं ते एका परक्या माणसापासून. त्याच्यावर पहिला संशय मीच घेतला.

तो मोटारसायकलवर यायचा, गळ्यात दुर्बीण. दिवसभर काठानं फिरायचा, वहीत लिहायचा. विचारलं तर म्हणायचा, पक्षी बघतो. पक्षी बघायला पावलांनी जमीन कशाला मोजावी लागते? गावात कुणी म्हणालं, गुप्तधन शोधतोय. कुणी म्हणालं, तळ्याची भिंत उंच करणार, रानं बुडणार. मला हे दुसरं पटलं. आमचं रान पाण्याला लागूनच होतं.

एका दुपारी शेळ्या हाकायच्या निमित्तानं मी त्याच्या मागं टेकाडावर गेले. तो दगडांना लाल रंग लावत होता. आमच्या बांधावरच्या दगडाला त्यानं ब्रश टेकवला, तशी मी झुडपाआडून पुढं झाले.

"आमचा दगड कावून रंगवता?"

तो दचकला. "तुमच्या सासऱ्यांना विचारलंय, ताई. ही जागा त्यांनीच दाखवली."

मी तडक घरी आले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते अंगणात दावं वळत बसले होते.

"मामा, त्या दुर्बिणवाल्याला तुमी वळखता?"

"वळखतो की. आपल्या टेकाडावर तंबू टाकायचं म्हनतोय. लोक येतील, गावाला काम लागंल."

"मग घरात सांगितलं कावून न्हाई?"

"तू लई शंका काढतीस."

ते मला लागलं. त्या दिवसापासून मी दोघांवरही नजर ठेवली. तंबू आले, पाहुणे आले. तंबूवाल्यानं भाकरी थापायला बोलावलं तेव्हा मी गेले, पण थापता थापता कान त्याच्या बोलण्याकडेच असायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या म्हशी पाण्याच्या वाटेवर अडून उभ्या दिसल्या. वाटेवर आडवी काटेरी तार. तंबूवाला म्हणाला, पाहुण्यांना जनावरांची भीती वाटते. मी काही बोलायच्या आत मामा घरी गेले, पक्कड घेऊन आले आणि एकेक तार तोडत गेले. म्हशी पाण्यात उतरल्या.

संध्याकाळी मामांनी मला समोर बसवलं. "अजून काय काय वाटतंय तुला? समदं सांग."

मी सांगत गेले. जेवण गार झालं तरी ते उठले नाहीत.

वाट अजून मोकळी आहे. मीही तंबूवर रोज कामाला जाते. तरी तो कुठला नवा कागद घेऊन आला, की मामा सहीच्या आधी मला हाक मारतात. मी तो वाचते, आणि त्याच्यासमोरच पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचते.