टीकेचा खण

नेवेनाच्या टेबलावर आज पुन्हा दोन कागदी कप होते. एक तिचा, दुसरा बिल्यानाचा. खालच्या मशीनची काळीकुट्ट कॉफी घेऊन बिल्याना दोन जिने चढून आली होती आणि आईच्या टेबलासमोरून जाताना नुसतं "येते गं" म्हणाली होती.

आई, रुमेना कब्लेश्कोवा, पुस्तकांवर शिक्के मारत राहिली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तत्त्वज्ञानाच्या विभागात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. प्लोवदिव शहरात आज प्राध्यापक म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी जणांना संदर्भ कसा शोधायचा ते तिने शिकवलं होतं. आणि पोटची पोर पीएच.डी.चे संदर्भ शोधायला तीन आठवडे तिच्याच हाताखाली शिकलेल्या त्या नेवेनाच्या खुर्चीला चिकटून बसली होती!

"तळटीप धर आणि मागे मागे जा," नेवेना संगणकावर बोटं चालवत सांगत होती. "याने कुणाचा हवाला दिलाय, त्याने पुढे कुणाचा दिलाय."

शब्दन् शब्द माझा, रुमेनाच्या मनात आलं.

बिल्याना हसली. घरी ती महिनाभर अशी हसली नव्हती. घरी उभ्याउभ्या चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा तोंडात कोंबायची, "झालं माझं" म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. गालांची हाडं वर आली होती.

तिचं काय अडलंय ते रुमेनाला सोमवारीच कळलं होतं. एवढ्याशा विभागात काही लपत नाही. बेलिश्की नावाच्या प्राध्यापकाची 'वचन' या विषयावरची व्याख्यानं तिला हवी होती. युद्धाआधी थोड्याच प्रती छापल्या होत्या. युद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट सरकारने बेलिश्कीला काढून टाकलं आणि याद्यांमधून त्याचं नावही गेलं. संगणक म्हणत होता, असं पुस्तकच नाही. शुक्रवारी संदर्भसूची मार्गदर्शकाच्या हातात द्यायची होती. व्याख्यानं मिळाली नाहीत तर दोन वर्षांचा विषय सोडून द्यावा लागणार होता.

पुस्तक होतं, आणि कसं शोधायचं ते रुमेनाला माहीत होतं. सरकारला नकोशा लेखकांची सूचीकार्डं ग्रंथालयातली जुनी माणसं 'भांडवलदारी तत्त्वज्ञानावरील टीका' या खणात सरकवून ठेवत. सरकारी तपासनीस त्या खणाला हात लावत नसे. आत सगळ्या आपल्याच माणसांनी दिलेल्या शिव्या आहेत, अशी त्याची खात्री. ती कार्डं अजून संगणकात चढली नव्हती.

विचारू दे तिला, रुमेना सोमवारी मनाशी म्हणाली. मंगळवारीही म्हणाली. बुधवारी पोरीचे डोळे सुजलेले दिसले, तरी म्हणाली.

"लेक तुझी की नेवेनाची गं?" कपाटं पुसणाऱ्या स्तोयनाने जाता जाता चिमटा काढला.

"संगणकाची," रुमेना फटकन म्हणाली. स्तोयना खो खो हसली. रुमेनाचं हसू ओठांवरच राहिलं.

गुरुवारी सकाळी मात्र तिला राहवेना. मान गेला खड्ड्यात, पोर आजारी पडेल. कोपऱ्यातल्या कपाटाशी गुडघे टेकून तिने सगळ्यात खालचा खण ओढला. बेलिश्कीचं कार्ड नव्हतं. त्या जागी निळा पुठ्ठा उभा होता. कार्ड काढणाऱ्याने आपलं नाव लिहून तो तिथे लावायचा, हा ग्रंथालयाचा नियम. पुठ्ठ्यावर नेवेनाचं नाव होतं, कालच्या तारखेसह.

पोरीचं काम झालं म्हणून रुमेनाला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण जरा उशिराने.

ती परत आली तेव्हा बिल्याना एक पातळ, पिवळं पडलेलं पुस्तक उघडून बसली होती.

"सापडलं वाटतं."

"टीकेचा खण, रुमेनाताई!" नेवेना म्हणाली. "मी लागले त्या आठवड्यात तुम्हीच दाखवला होतात. साफ विसरले होते बघा."

बिल्यानाने मान वर केली. "आई, तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मी चार दिवस रडतेय, आणि तू गप्प?"

"तू विचारलं नाहीस."

नेवेनाला एकाएकी आतल्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

"कशी विचारणार?" बिल्यानाचा आवाज चिरकला. "विभागात काय म्हणतात माहितीये? हिला कशाला हवं ग्रंथालय, हिची आईच ग्रंथालय! निबंधाला बक्षीस मिळालं तेव्हा माझ्याबरोबरचा तो व्लादो सगळ्यांसमोर म्हणाला, बक्षीस आईकडे पाठवा. तुझ्याकडे आले असते तर हेही तुझंच झालं असतं."

मग नेवेनाचं झालेलं चाललं? रुमेनाच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. आपल्या नावाखाली आपलीच पोर झाकली जातेय, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

दुपारी रुमेनाच्या टेबलापुढे नेहमीची रांग लागली. तिसऱ्या नंबरवर बिल्याना होती आणि तिच्या मागे साक्षात व्लादो. पाळी आल्यावर तिने मागणीची चिठ्ठी पुढे सरकवली.

"कब्लेश्कोवाबाई, बेलिश्कीचा दुसरा भाग हवा होता. पहिल्याच्या शेवटी त्याची जाहिरात आहे. नेवेनाला सापडत नाहीये."

रुमेनाने चष्मा चढवला आणि चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली.

"प्रकाशनाचं वर्ष नाही. सही नाही. असं चालत नाही इथे."

"सगळ्यांना असंच परत पाठवता?"

"सगळ्यांना. विचार याला, तीनदा पाठवलंय."

व्लादो कानापर्यंत लाल झाला. बिल्यानाने वर्ष लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी परत दिली. रुमेना उठली. कोपऱ्यातल्या कपाटाकडे जाताना वाटेत नेवेनाच्या टेबलावरचे दोन्ही रिकामे कप तिने उचलले आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकले.