वाटीभर एरंडेल

मोटारसायकलच्या इंजिनाचा खर्च आमचे बाबा बैलांत मोजत. सिलिंडर नागपूरला पाठवून घासून आणायचा आणि नवा पिस्टन बसवायचा, तर एक चांगला बैल. अख्खं इंजिनच बदलायचं, तर गवळाऊ जातीच्या बैलांची जोडी. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मिलिटरीच्या लिलावातली जुनी गाडी आणली तेव्हापासून घरात हाच हिशेब चालू होता.

"एक बैल तर खाल्ला तुह्या फटफटीनं," बाबा जेवताना म्हणायचे. "आता दुसऱ्याचा कासरा सोडून राह्यला का?"

दादा भाकर मोडत राहायचा.

साठ सालानंतरची ही गोष्ट. आमचं गाव दिग्रसपासून जवळ. हिवाळा सरता सरता दिग्रसला शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरायच्या. बैलजोड्या पळून झाल्या की त्याच पट्टीवर दोन-दोन फटफट्या सोडायच्या, अशी नवी टूम निघाली होती. जिनिंगवाल्यांच्या पोरांपुढे दादा दोनदा हरला. तिसऱ्या वर्षी त्याने इंजिन पूर्ण उघडायचं ठरवलं. बाबांनी पैसे दिले आणि म्हणाले, "हा शेवटचा बैल."

काम दिलं दिग्रसच्या मिस्त्रीला. विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, बोलायला मोठा तिखट. गाडी परत देताना म्हणाला, "माह्या हातचं इंजिन हाय, पाटील. बायको रुसन, हे रुसनार नाई."

नवा पिस्टन सिलिंडरमध्ये रुळेपर्यंत गाडी हळू चालवावी लागते, म्हणून दादा सगळी थंडी आर्णीच्या रस्त्यावर गाडी रमतगमत चालवत राहिला. सायकलवाले पुढे निघून जाताना विचारायचे, "ढकलू का, पाटील?" तरी त्याने वेगासाठी एकदाही गाडीचा कान पिळला नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, हे आधी लिहून ठेवतो.

पटाच्या सकाळी बैलांच्या छकडीच्या चाकांच्या आसाला एरंडेल घालायचं काम आमच्याकडे घरातल्या सगळ्यात लहानाचं. मी कॉलेजात जाऊन आलो होतो तरी ते माझंच होतं. आस माखून झाला. वाटीत तेल उरलं. दादा आत जेवत होता आणि शेजारी त्याची गाडी उभी होती. विलायतेत शर्यतीच्या गाड्या एरंडेलावर पळतात, असं मी कुठल्याशा ट्रकवाल्याकडून ऐकलं होतं. छकडीला घातलं, मग हिनेच काय घोडं मारलं, असं वाटून गेलं. सीटखालच्या, इंजिनाच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि उरलेली वाटी आत रिकामी केली. वाईट हेतू नव्हता. कुणाला सांगितलं मात्र नाही. दादा जिंकला की मग सांगू, असा विचार होता.

अर्ध्या पट्टीवर दादा पुढे होता. तिथेच इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी त्याला घेऊन आडवी झाली. कोपर, गुडघे सोलले, एवढ्यावर निभावलं. लोक आधी धावत आले, मग हसले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने आमच्यासमोर इंजिन उघडलं. पिस्टनच्या रिंगा चिकटून बसल्या होत्या आणि सगळीकडे काकवीसारखा तपकिरी गाळ. मिस्त्रीने बोट लावून वास घेतला. त्या दिवशी तो हळू बोलला.

"तेलानं घात केला, पाटील. मी सुटं आणलतं. डब्याचं लय महाग. म्हतलं, तुमचे चार पैसे वाचतीन."

"चार पैसे वाचवून माह्या बापाचा बैल मारला तुमी," दादा म्हणाला. दुकानात तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइकं होती.

मी दारात उभा होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. बाबांची भीती होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. कुणीतरी दुसऱ्याने अंगावर घेतलं आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मिस्त्रीच्या भाड्याने द्यायच्या सायकली होत्या. त्या विकून त्याने नवा पिस्टन आणि सिलिंडर स्वतःच्या पैशाने आणून बसवला. दादाने तो बसवून घेतला. मीही पाहत राहिलो. पण दादाचं मन उडालं होतं. गाडी पुन्हा पटावर गेली नाही, विकून टाकली. मिस्त्री भेसळीचं तेल घालतो, ही गोष्ट गावोगाव पोचली. विहिरीवाले पुसदला जायला लागले. पुढच्या वर्षी दुकानाला कुलूप दिसलं.

नंतर नागपूरच्या एका कारखान्यात सहज विषय निघाला, तेव्हा कळलं. एरंडेल एकटं असलं तर चालतं. दुसऱ्या तेलात पडलं की फाटतं, घट्ट होतं. त्यानंतरही दोन वर्षं मी गप्प होतो. मग त्या पिस्टन-सिलिंडरचे पैसे खिशात घातले आणि विचारत विचारत आर्णी गाठली. मिस्त्री बाजारात स्टोव्ह दुरुस्त करत बसला होता. मी वाटीपासून सगळं सांगितलं.

तो हसला. "कायले माह्यं मन राखून राह्यले, लहाने पाटील? एरंडेलानं कुठं इंजिन जाम होते? माह्या बापानं जिंदगीभर बैलगाडीले तेच घातलं."

"दुसऱ्या तेलात ते घट्ट होतं, मिस्त्री. नागपूरला विचारलं मी."

"सुटं तेल मीच आणलतं ना. मले तर वासच आलता, इंजिन उघडलं तवाच. जड वास."

"तो एरंडेलाचाच होता."

त्याने स्टोव्हला दोन-चार पंप मारले. ज्योत निळी होईपर्यंत पाहिली. "तवापासून कोनाच्या इंजिनाले हात लावला नाई मी," म्हणाला. मग आतल्या बाजूला बायकोला हाक मारली. "च्या ठेव वं. ज्यायचं इंजिन मी बिघडवलं ना, ते पाटील आले. पाह्य, मलेच धीर देऊन राह्यले."

मी पैसे पुढे केले. त्याने हात मागे घेतले. "नुकसान मी करू, अन् पैसेही तुमचेच घेऊ?"

दादा अजून आहे. तो हे वाचेल. त्याला तोंडाने सांगणं माझ्याच्याने झालं नाही.

त्या दिवशी मी चहा प्यालो. मिस्त्री रस्त्यापर्यंत पोचवायला आला आणि ओळखीच्या कंडक्टरला सांगून त्याने मला खिडकीजवळची जागा मिळवून दिली. पैसे खिशातच राहिले.