चार बोटांची उंची

धारवाल्याचा दिवस पायांवर सुरू होई आणि पायांवरच संपे. गल्लोगल्ली सायकल मारायची, कुणी हाक दिली की तीच सायकल स्टँडवर चढवायची, मागच्या चाकाचा पट्टा दांडीवरच्या दगडाला जोडायचा आणि पुन्हा पॅडल मारत बसायचं, कारण दगड फिरला तरच सुरीला धार. बाकीच्या धंद्यांत माणूस गिऱ्हाइकाच्या दारात पोचल्यावर निदान टेकतो तरी. हा टेकला तरी सीटवरच.

सायकल मामाची. मामानेच त्याला धंदा शिकवला, आणि मामा होता बुटका. हा निघाला ताडमाड. तरी सव्वीस वर्षांत सीट वर घ्यावी असं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. गुडघे छातीशी येत, मांड्या भरून येत, आणि संध्याकाळी पोटऱ्यांत असे गोळे येत की तो खाटेवर आडवा होऊन मोठमोठ्याने विव्हळे. त्या बाबतीत त्याला लाजबीज नव्हती. शेजारणी म्हणत, धारवाले घरी आले वाटतं. बायको तेल लावून पाय रगडायची आणि रगडता रगडता मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मामा सासरचा, त्यामुळे तिला ते सोपं जाई.

शेवटी तिनेच त्याला दवाखान्यात नेलं. तिथली फिजिओथेरपिस्ट त्याच्या मुलीच्या वयाची. तिने त्याला बाहेर आणून सायकलवर बसवलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "काका, आजार तुमच्या पायांत नाही, सीटमध्ये आहे. चार बोटं वर घ्या." गंजलेला नट तेल पाजून सैल केला, सीट वर घेतली, आणि आठ दिवसांत पोटऱ्या मऊ पडल्या. नवव्या दिवशी तो जेवून सरळ झोपला. बायकोला रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना.

पण सीट वर गेली तशी कोपरंही वर गेली आणि पातं दगडाला भलत्याच कलाने लागू लागलं. हात बसला होता तो मामाच्या उंचीवर. घरगुती सुऱ्या खपून गेल्या, पण शिंपीणबाईंची मोठी कात्री परत आली. कापत नाही, कापड चावते, असा निरोप होता. पुन्हा धार लावली, पुन्हा परत आली. दगडच वर घेता येईल का म्हणून तो वेल्डरकडे गेला, तर त्याने दांडी ठोकून पाहिली आणि हात झटकले. पाइप आतून गंजाने खाल्लाय, आच दिली की तुटेल. जाताना सीट वर आणि कामाला खाली, असंही करून पाहिलं, पण निम्मं पॅडल तर कामातच मारायचं. पोटऱ्या परत बोलू लागल्या, तशी सीट पुन्हा वरच ठेवली. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, हातालाही सवय होईल. घरातल्या सुऱ्यांवर तो हात बसवत राहिला. एक सुरी झिजून पार काडी झाली, पण पन्नाशी उलटलेला हात ऐकेना.

मग शिंपीणबाई स्वतः आल्या. आवाज चढवला नाही.

"पंधरा वर्षं ही कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही मी. पण दोनदा झालं. आता मशीनवर धार लावणाऱ्याकडे द्यावी लागेल."

हे ऐकून तो जेवढा हबकला, तेवढा पोटऱ्यांनी त्याला कधी हबकवलं नव्हतं. जगात त्याला हे एवढंच येत होतं. त्याने एक दिवस मागून घेतला. सकाळी बायको पाणी भरायला गेली तशी त्याने नट सैल केला, सीट पूर्वी होती तिथे खाली बसवली आणि कात्री घासली. चिंधीचे आवाज न होता दोन तुकडे झाले. शिंपीणबाई म्हणाल्या, आता कसा हात जाग्यावर आला. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला.

तिसऱ्या संध्याकाळी पोटऱ्यांचे दगड झाले. पण आता विव्हळायची सोय उरली नव्हती. पूर्वीचं दुखणं मामाचं होतं, नशिबाचं होतं. हे त्याने स्वतः पाना फिरवून आणलेलं. कोणत्या तोंडाने सांगणार? तो उशीत तोंड खुपसून झोपेचं सोंग घेई. बायकोने विचारलंच तर, मस्त आहे, म्हणे. आपल्याच घरात त्याला चोरून दुखावं लागत होतं.

आठवड्याने दोघं बाजार करून परत येत होती. घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच पायरीवर पोटरीत गोळा आला. कठडा धरला तर तिला कळेल, म्हणून त्याने दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या आणि ओठ मिटून चढू लागला. पहिला मजला गाठेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात मागून ती म्हणाली,

"अहो, जरा थांबा ना. माझे गुडघे दुखतात."

तो थांबला. ती पायरीवर टेकली. तिचे गुडघे ठणठणीत होते, सकाळीच तिने दोन भरलेल्या बादल्या वर आणल्या होत्या. तिला हे केव्हापासून ठाऊक आहे, ते विचारायचा त्याला धीर झाला नाही.

"दुखायचेच," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. मग बराच वेळ दोघं तिच्या गुडघ्यांविषयीच बोलत राहिली.