वहिनीचा अंगठा

वहिनीच्या उजव्या पायाचा अंगठा बिघडला तो माझ्यामुळे. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. पहिल्या चुकीचं मला वाईट वाटतं, दुसरीची लाज वाटते.

पुतणीचं लग्न ठरलं होतं. घरात मोबाइल फक्त दादाकडे होता, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही कल्याणजवळच्या कोन गावचे, आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. वाजवायला बेंजोवाले लागतात, अंगण भरतं आणि नवरीच्या आईने फेर धरल्याशिवाय हळद लागली असं कोणी मानत नाही. वहिनीला एकुलती एक मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हापासून वहिनी सांगत आली होती, "हिच्या हलदीला मी सकालपर्यंत नाचनार."

त्यासाठी तिला सँडल हव्या होत्या. कल्याणला जाऊन त्या मीच पसंत केल्या, हेही सांगून टाकतो. पुढून निमुळत्या, सोनेरी पट्ट्यांच्या. आयुष्यभर रबरी चपलेत मोकळा राहिलेला पाय त्यांत मावेना. घालून घालून सैल होतील म्हणून ती त्या पायात अडकवून स्वयंपाकघरात वावरायला लागली, आणि अंगठ्याच्या नखाची कड बाजूच्या मांसात रुतली.

मी तेव्हा नारपोलीच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कापड तपासायचो. कापडाचा तागा टेबलावर ओढायचा, सुटलेले धागे बारीक कात्रीने छाटायचे. कापडाचा काठ ओढला गेला असेल तर त्याला तिरका काप द्यायचा. ताण सुटतो आणि कापड सपाट पडतं. नखालाही हाच नियम लागू असणार, असं मला मनापासून वाटलं. तीच कात्री घरी आणली आणि ओटीवर बसून वहिनीचा पाय मांडीवर घेतला.

"भावजी, कापड हाय का पाय हाय, ते बघून काप हां."

"हलू नको वहिनी. एवढी वर्षं काठच कापतोय मी."

"म्हनूनच भ्या वाटतं."

नखाचा कोपरा मी आत खोलवर, तिरका उडवला. त्या संध्याकाळी तिला खरंच बरं वाटलं, आणि मी चहा पिता पिता दादाला काठाचं शास्त्र समजावून सांगितलं. आठवडा उलटायच्या आत अंगठा वांग्यासारखा सुजला, कडेतून पू यायला लागला आणि वहिनी टाचेवर चालायला लागली. हळद पंधरवड्यावर आली होती.

शेअर रिक्षात तिला कडेच्या जागेवर बसवून धामणकर नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याच्या खालीच असलेल्या लूमच्या खडखडाटामुळे डॉक्टरांना प्रत्येक गोष्ट ओरडूनच बोलावी लागायची.

"आई, हा कोपरा कोणी कापला?"

इथे मी कॅलेंडरकडे वळलो. वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मीच, डाक्टर."

"कशाने, कोयत्याने? अहो, नख सरळ कापायचं. कोपरा आत कापला की खाली टोक राहतं, आणि नख वाढतं तसं ते मांसात घुसतं. तुम्ही आपल्याच पायात काटा पेरलात!"

"अडानी बाय मी," म्हणत वहिनीने मान खाली घातली. ती हसू लपवत होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मात्र मी कॅलेंडरवरच्या एकादश्या मोजत राहिलो.

सुरुवातीलाच आली असती, डॉक्टर म्हणाले, तर रोज कोमट पाण्यात पाय बुडवून, कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवून नख हळूहळू वर उचलता आलं असतं. त्याला बरेच आठवडे लागतात, आणि आता तर आत पू झालेला. दुसरा उपाय म्हणजे अंगठा बधिर करून रुतलेल्या कडेची पट्टी तेवढी काढायची आणि मुळाशी औषध लावायचं, म्हणजे तेवढा भाग सहसा पुन्हा उगवत नाही.

"आन् नाचाय येल?" वहिनीने एवढंच विचारलं.

"चालता येईल. नाचायचं तर पुढून उघडी चप्पल घालून, अगदी हळू. सँडल विसरा."

"काढा मंग."

इंजेक्शनच्या वेळी तिने माझा हात असा पिळला की दुखणं नेमकं कोणाचं, ते कंपाउंडरला कळेना.

घरी शेकाची आणि पट्टीची ड्युटी मी मागून घेतली. पाणी ठेवता ठेवता रोज सुरुवात करायचो, "वहिनी, त्या दिवशी डॉक्टरांसमोर..."

"आधी पानी बघ. पाय हाय, कोंबडी न्हाय." किंवा, "डाक्टरासमोर जीभ काढून ठेवली व्हतीस, ती उगवली वाटतं?"

माफी राहून जायची. पाणी तेवढं कोमट व्हायचं.

हळदीच्या संध्याकाळी वहिनी रबरी चप्पल घालून, अंगठ्याला पांढरी पट्टी बांधून खुर्चीत बसली होती. बेंजो रंगला होता. ती उठायला बघायची आणि बिचकून परत बसायची. शेजारच्या बाया थोड्याच सोडणार होत्या?

"पोरीची हलद आन् आई खुर्चीत!"

"सोताच नख कापलंन म्हनं!"

"अडानी बाय मी," वहिनी हसून म्हणाली. पण या वेळी तिचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

मला ते बघवेना. मी वाजवणाऱ्यांपुढे जाऊन दोन्ही हात वर केले. बेंजो थांबला. कोणाला तरी चक्कर आली असं समजून दादा पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

"नख वहिनीने नाही, मी कापलं," मी म्हणालो. अपेक्षेपेक्षा फारच मोठ्याने. "सँडलही मीच आणल्या. डॉक्टरांसमोर तिने माझा दोष आपल्यावर घेतला आणि मी गप्प बसलो."

मग बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वहिनी खुर्चीतून उठली आणि तिने आधारासाठी हात पुढे केला.

"काय म्हनायचं ते लवकर म्हन भावजी. बेंजो खोळंबलाय."

मी तिचा हात धरला. अंगठा जमिनीला टेकू न देता, टाचेवर भार घेत तिने फेराचं पहिलं पाऊल टाकलं. तिच्याबरोबर पाऊल टाकत मी म्हणालो, "चुकलो वहिनी. मला माफ कर."